गळ्याला कान

डॉक्टरीणबाई 'नाही' म्हणाल्या, ते इतकं सहज, की महेश्वरनं जणू चहात आणखी साखर घालू का असं विचारलं होतं. "नाही हो. घरात दोन भाषा असण्याचा याच्याशी काही संबंध नाही." एवढंच. त्याच्या आधी त्या पुष्कळ बोलल्या होत्या. ऑटिझम म्हणाल्या होत्या, मग महेश्वरचा चेहरा बघून स्वमग्नता म्हणाल्या होत्या, मराठीत आणलं की ते जरा घरातलं वाटेल अशा समजुतीनं. पण त्या मोठ्या शब्दांचं त्याला फारसं लागलं नाही. गेले काही महिने ऑफिसच्या जिन्यात मोबाईल उघडून त्यानं ते शब्द चोरून वाचले होते. ते येणार हे ठाऊक होतं, आणि येणारच म्हटल्यावर पाहुण्यांसाठी सतरंजी टाकून बसावं तसा तो बसला होता. पाहुणे आले, बसले. ठेच लागली ती त्यांच्या मागून आलेल्या या पोरक्या 'नाही'ची. टेबलाखाली त्याची चार वर्षांची मुलगी सिद्धेश्वरी टेबलाच्या लोखंडी पायाला कान लावून बसली होती. वर तिच्याबद्दल जे चाललं होतं त्याचा जो काही थरथराट पायातून खाली पोचत असेल तेवढा तिला पुरत होता. "आजी कुठली भाषा बोलतात?" बाईंनी विचारलं. "कानडी," त्याची बायको दाक्षायणी म्हणाली. मग तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं आणि म्हणाली, "बोलायच्या. आता हिच्याशी कुठलीच बोलत नाहीत." बाईंनी चष्मा वर केला. "का? बऱ्या आहेत ना?" "बऱ्या आहेत," महेश्वर म्हणाला, "बंद केलंय." आपण हे ऑफिसातल्या आवाजात म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं, पण तोवर म्हणून झालं होतं.

महेश्वर शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या फोनवर बसायचा. सोलापुरात पाणी रोज येत नाही. त्याचा दिवस असतो, आणि तो दिवसही लग्नातल्या जावयासारखा, कधी रुसेल सांगता येत नाही. मग लोक फोन करतात. पाणी कधी येणार? आणि महेश्वर सांगायचा, येईल की. या दोन शब्दांवर त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. कधी, किती, कुठल्या टाकीतून, असल्या तपशिलात तो जायचा नाही. तपशील दिला की माणूस भांडतो, 'येईल की' म्हटलं की माणूस बादल्या लावतो. त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणे. साहेब त्याला कौतुकानं म्हणायचे, "महेश्वर, तुझ्या 'येईल की'वर अर्धं जुळे सोलापूर आंघोळ करतंय." त्यामुळे सिद्धेश्वरी दोन वर्षांची झाली आणि बोलेना, तेव्हा लोक विचारायला लागले, "काय म्हणतीय लेक, बोलती का?" तर त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. बोलेल की. सोसायटीच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, सासुरवाडीला, सगळीकडे तो त्याच आवाजात सांगायचा, बोलेल की. आणि समोरचा माणूस मनातल्या मनात बादल्या लावून निघून जायचा.

क्लिनिकच्या पायऱ्या उतरून ती दोघं मुलीला घेऊन सात रस्त्याच्या उन्हात उभी राहिली तेव्हा बाराचा सुमार असेल. चैत्रातलं ऊन. डांबर बुटाला धरून ठेवत होतं. दाक्षायणीनं रिक्षा थांबवली. तिला दुपारच्या शाळेत परीक्षेवर जायचं होतं. "सुट्टी घे की आज," तो म्हणाला. "घेऊन काय करू?" ती म्हणाली. खरंच काय करणार होती? रिक्षात बसल्यावर तिनं पदर आत ओढून घेतला आणि म्हणाली, "अव्वांना तुम्ही सांगा." "काय सांगू?" "बाईंनी सांगितलं ते. आजीनं तिच्या भाषेत खुशाल बोलावं म्हणून. बंद तुम्ही केलंत, चालू पण तुम्हीच करा." रिक्षावाल्यानं हे कान देऊन ऐकलं आणि, कुणाचीच बाजू घ्यायला नको म्हणून असेल, मीटर टाकला. रिक्षा गेली. महेश्वरला वाटलं होतं, ती रडेल, मग आपण तिला सावरू, मग त्या गडबडीत आपलं आपण विसरू. पण दाक्षायणी रडायचं काम कुणाला देत नसे. तिनं ते आधीच कधीतरी, वर्गात पोरं गणितं सोडवत असताना, फळ्याकडे तोंड करून उरकलं असावं.

त्यानं सिद्धेश्वरीला स्कूटरवर पुढं उभं केलं. ती लगेच वाकली आणि हँडलच्या मधल्या भागाला तिनं कान लावला. स्कूटर सुरू झाली की तिच्या चेहऱ्यावर एक गाढ, तृप्त भाव यायचा. देवळात म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर येतो तसला. तिला आवाज नको असायचे, कुकरची शिट्टी झाली की ती किंचाळत बाथरूममध्ये जाऊन बसायची, पण आवाजाच्या आतली थरथर तिला हवी असायची. फ्रिजला कान. भिंतीला कान. नळाला तर कानच कान. पाण्याच्या दिवशी पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा सुटते, सूंऽऽ करून, तो सुस्कारा सगळ्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा तिला कळायचा. ती धावत मोरीत जायची, उकिडवी बसून नळाच्या मानेला कान लावायची. आणि तिच्या मागोमाग अव्वा, महेश्वरची आई शिवम्मा, गुडघ्यावर हात ठेवत यायची आणि म्हणायची, "नीर बंतु! नीर बंतु!" पाणी आलं, पाणी आलं. मग तिच्या पाठीवर हलके थापट्या मारत कानडीत काहीबाही बोलत राहायची, पाण्याशी, नातीशी, बादलीशी, गावाकडं दुधनीला वारलेल्या नवऱ्याशी. आणि मुलगी कधी कधी नळ सोडून द्यायची. मागं वळायची, आजीच्या मांडीवर चढायची आणि तिच्या गळ्याला, बरोबर इष्टलिंगाचा दोरा असतो तिथं, कान लावायची. आजी बोलत राहायची. मुलगी डोळे मिटून घ्यायची. आपल्या मुलीनं आयुष्यात कुणाचं बोलणं ऐकलं असेल, तर ते एवढंच, हे महेश्वरला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा तो बादल्या भरत होता.

पत्रकार भवनचा चौक ओलांडून तो विजापूर रोडला लागला आणि घराकडचं वळण आलं तेव्हा वळला नाही. सरळ गेला. का, ते सांगता आलं नसतं. घरी अव्वा होती, एवढंच. कंबर तलावाच्या कडेला चिंचेखाली त्यानं स्कूटर लावली. इंजिन बंद झालं तसं सिद्धेश्वरीनं हँडलला कान आणखी दाबून धरला, मेलेल्या माणसाच्या छातीला लावतात तसा. मग तिला कळलं की आत काही नाही, आणि ती उतरून चिंचेच्या बुंध्याकडे गेली. तलावात पाणी खाली गेलं होतं, कडेचा चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या, आणि त्या खापऱ्यांवर एक बगळा अशा थाटात उभा होता की जणू हे सगळं त्यानंच वाळत घातलंय. महेश्वर बगळ्याकडे बघत राहिला. संबंध नाही म्हणे. मग गेलं वर्षभर आपण काय केलं?

झालं असं होतं, की मुलगी बोलत नाही म्हटल्यावर उपाय सांगणाऱ्यांची तोंडं सुटली. एकीची दातखीळ बसली तर बाकीच्यांनी तिच्या वाटचंही बोलावं, अशी आपल्याकडे रीतच आहे. वेखंड उगाळून जिभेला लावा. पोपटानं उष्टावलेला पेरू द्या; त्यासाठी महेश्वर कुंभारीला एका ओळखीच्याच्या बागेत दोन रविवार जाऊन बसला, आणि पोपट त्याच्याकडे बघून पेरूला तोंड लावेनात. देवळातल्या घंटेत पाणी ओतून ते पाजा. दुधनीच्या सिद्धाराम काकानं फोनवर सांगितलं, "अरे मी पाच वर्षांचा होईतो शब्द बोललो नव्हतो," आणि पुढं तासभर बोलला. शेवटी नर्सरीच्या बाईंनी विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?" महेश्वर म्हणाला, "आम्ही दोघं मराठी. आई कानडी. शाळेत तुमचं इंग्लिश." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग बरोबर आहे. मूल कन्फ्यूज झालंय. एका घरात एकच भाषा ठेवा, बघा कसं बोलायला लागतं ते." आणि महेश्वरला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. फार आनंद झाला. घरी येताना त्यानं पार्क चौकातून पेढे घेतले. कारण सापडलं होतं. जे सापडतं ते काढता येतं. पाइपात कचरा अडकलाय म्हटल्यावर कुठल्या तरी चावीच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, आत तो असणारच, आणि चावीवाला जाऊन तो काढणारच. मग येईल की.

त्या संध्याकाळी त्यानं अव्वाला पाटावर बसवून सांगितलं, उद्यापासून सिद्धीशी कानडी बोलायचं नाही. टीव्हीवरची कानडी मालिकाही नको. पूजा मनातल्या मनात कर. अव्वा पेढा हातात धरून ऐकत होती. "मराटी मला येतं की," ती म्हणाली, "भाजीवाल्याशी येतं, रिक्षावाल्याशी येतं. पोराशी बोलायचं मराटी मला न्हाय येत रे." "येईल की," महेश्वर म्हणाला. त्या वेळी त्याला आपण फार समंजस वागतोय असं वाटत होतं. पण तलावाच्या काठावर आता त्याला त्या आवाजाखालचा दुसरा एक आवाज ऐकू आला, पाचवीतल्या कुठल्याशा वर्गातला. दुधनीहून सोलापूरच्या शाळेत आलेला महेश्वर चनमल्लप्पा कविता म्हणायला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून दर शब्दाला कानडी हेल निघत होता, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी दर ओळीला "अय्यो शिवने" म्हणत होतं, आणि गुरुजीही हसत होते, मायेनं हसत होते, तेच वाईट होतं. त्यानंतर त्यानं आपली मराठी घासली. राखेनं तांब्या घासावा तशी, रोज. इतकी, की पुढं तिच्यात समोरच्याला आपला चेहरा दिसावा आणि त्यानं गप्प बसावं. तो तक्रारींच्या फोनवर बसला तो त्याच मराठीच्या जोरावर. तेव्हा अव्वाला बंदी घालताना तो नक्की कुणाची जीभ साफ करत होता? बगळ्यानं एक पाय बदलला. त्याला काही पडलेलं नव्हतं.

आणि अव्वा गप्प झाली ती अशी झाली, की बंदी घालणाराही चपापला. त्यानं म्हटलं होतं, नातीशी कानडी नको. तिनं कुणाशीच ठेवली नाही. बहिणीचा दुधनीहून फोन आला तर "हां, हां, बरं, ठेव," एवढं मराठीत बोलून ठेवायची. दिवाळीनंतर दुधनीला लग्नाला गेले तेव्हा सगळ्या बायका मांडवात कानडीचा बाजार भरवून बसलेल्या, आणि ही मध्ये मराठीतून "जेवलं का, बरं हाय का" करत बसली. बायका मागून म्हणाल्या, शिवम्माला सोलापूर लागलं. महेश्वरलाही वाटलं, हा रुसवा आहे. एकाला सांगितलं तर दहा जणांशी बोलणं सोडून मला दाखवतेय. त्यानं लक्ष दिलं नाही. नळाला सुस्कारा सुटला की ती आताही मोरीच्या दाराशी यायची, पण ओठ मिटून. नात वळायची, मांडीवर चढायची, गळ्याला कान लावायची. आजी आवंढा गिळायची. मुलगी थोडी थांबायची, कान सरकवून दुसऱ्या जागी लावून बघायची, आणि मग उतरून परत नळाकडे जायची. पुढं पुढं ती चढेनाशी झाली. हे महेश्वरनं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बघा, औषध लागू पडतंय, कानडीची सवय मोडतेय. साप साप म्हणून भुई धोपटतात तसं झालं होतं. साप नव्हताच. भुई तेवढी अव्वाची होती.

मागं काहीतरी हललं म्हणून त्यानं वळून पाहिलं. सिद्धेश्वरी बुंध्यापासून निघून पाण्याच्या दिशेनं चालली होती, खापऱ्यांवरून, ताठ, पाय न बघता. त्यानं हाक मारली. "सिद्धेश्वरी!" एवढं लांब नाव घराण्यात हौसेनं ठेवलं होतं, हाक अर्ध्यावर पोचेपर्यंत माणूस वळावा. ती वळली नाही. "सिद्धी!" तो धावला. खापरी मोडून त्याचा बूट आतल्या ओल्या चिखलात गेला, दुसरा पाय टाकला तोही गेला, आणि बगळा उडाला. त्यानं तिला कमरेला धरून उचललं तेव्हा ती किंचाळली नाही; तिनं फक्त हात लांब करून जिथं बगळा होता तिथं बघितलं. तिचा श्वास त्याच्या कानाशी होता. इतकी जवळ, आणि कुठल्या गावाला असते ही? तिला छातीशी धरून तो चिखलात उभा राहिला आणि त्याच्या मनात एक भलताच विचार येऊन गेला. बाईंनी 'हो' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. हो, कानडीमुळेच झालं, आजीमुळेच झालं, असं म्हणाल्या असत्या तर आज घरी जाऊन आईशी भांडता आलं असतं. आणि मुलगी उद्या बोलली असती. या विचाराची त्याला लाज वाटली, पण तो गेला नाही. चांगल्या घरातल्या वाईट भाडेकरूसारखा तो आत बसूनच राहिला. त्यात बाई पुढं जे म्हणाल्या होत्या तेही आता त्याला ऐकू यायला लागलं. काही मुलं बोलतात. काही थोडं बोलतात. काही बोलत नाहीत, त्यांचं सांगणं आपण दुसऱ्या वाटेनं शिकायचं असतं. कामं पुष्कळ आहेत, सुरू करू. त्यानं विचारलं होतं, "पण बोलेल ना?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "मी तसं सांगू शकत नाही." आपल्या खात्यात ही बाई एक दिवस टिकली नसती, असं त्याला वाटलं होतं.

घरी पोचला तेव्हा त्याचे बूट गुडघ्यापर्यंत आल्यासारखे दिसत होते. जिन्यात तळमजल्यावरच्या गोजरबाई पाट्यावर शेंगांची चटणी वाटत बसल्या होत्या. त्यांनी आधी बुटांकडे आणि मग तोंडाकडे पाहिलं. "काय ओ, पाइप फुटला काय?" "नाही," तो म्हणाला. "आज पाण्याचा दिवस हाय, सकाळधरनं वाट बगायलोय. येतंय का न्हाय?" "येईल की," महेश्वर म्हणाला. ते त्याच्या तोंडून आपोआप गेलं, पादत्राणासारखं दाराबाहेर.

अव्वा मोरीच्या उंबऱ्याशी बसून रिकाम्या बादल्या एकात एक घालत होती आणि परत काढत होती. सिद्धेश्वरी तिच्या शेजारून आत गेली आणि कोरड्या नळापाशी उकिडवी बसली. अव्वानं बुटांबद्दल काही विचारलं नाही. महेश्वर तिच्यासमोर फरशीवर बसला. त्यानं सांगितलं. बाईंनी जे नाव सांगितलं ते सांगितलं, ते जन्मापासूनचं असतं हे सांगितलं, कुणाच्या चुकीनं होत नाही हे सांगितलं. अव्वा बादलीची कडी वरखाली करत ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "आणि भाषेचा काही संबंध नाही म्हणे. तू बोल आता तिच्याशी. कानडी बोल. तुला पाहिजे ते बोल." हे तो कानडीत म्हणाला. त्याची कानडी इतकी गंजली होती की वाक्य अर्ध्यात दोनदा अडकलं.

अव्वानं कडी सोडली. ती मराठीत म्हणाली, "न्हाय."

"अगं, मीच सांगतोय. मी बंद केलं होतं, आता मीच चालू कर म्हणतोय."

"तू बंद म्हनलास, मी बंद झाले. आता चालू म्हनतोस." ती शांतपणे म्हणाली. "मी काय नळ हाय का रे?"

महेश्वरची घासलेली मराठी सगळी तिथंच होती, पण तिच्यात त्याला आज आपलाच चेहरा दिसत होता. अव्वानं बादली बाजूला सारली. तिचा आवाज आणखी खाली गेला. "तू म्हनलास म्हनून मी गप झाले न्हाय. मी येवडं कुटलं ऐकती तुझं? मनात म्हनलं, तू हापिसात गेलास की बोलीन मी माझ्या पोरीशी. मग सोमवारी गोजरबाईसंग सिद्धेश्वराला गेले. तितं बाया नवस बोलतात, कोन वांगं सोडतं, कोन च्या प्यायचं सोडतं. मी इचार केला, मला काय आवडतं? वांगं मला तसं बी आवडत न्हाय. आवडतं ते सोडावं लागतंय की. मी बोलनं सोडलं. माझं कानडी बोलनं. पोरगी बोलंल त्या दिवशी मी बोलीन, म्हनून देवाला दिलं."

मोरीत सिद्धेश्वरीनं नळाची चावी उघडून बंद केली. काही आलं नाही. महेश्वरला एकदम सगळं दिसलं: लग्नातला मांडव, फोनवरचं हां हां, मिटलेले ओठ. वर्षभर तो समजत होता की आई आपल्यावर रुसलीय, आणि तो तिच्या हिशेबातच नव्हता. ती वरच्या टाकीशी बोलणी करत होती. "अव्वा," तो म्हणाला, "असला नवस कोण करतं? मोड. पाप माझ्या डोक्यावर. देवाला सांग, पोरानं मोडायला लावला."

"तुझ्या डोस्क्यावर लई हाय आधीच."

"अगं, पण ती..." त्यानं मोरीकडे बघितलं. मुलगी इथंच होती, ऐकत होती किंवा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तो हे वाक्य तोंडानं म्हणत होता, आणि ते त्याला गिळलेली सुई परत काढावी तसं काढावं लागलं. "ती कदाचित बोलणारच नाही, अव्वा. कधीच नाही. मग?"

त्याला वाटलं, ती कोसळेल. देवाशी भांडेल, निदान त्याच्याशी तरी. अव्वा नातीच्या पाठीकडे बघत होती. फ्रॉकची मागची नाडी सुटली होती. "न्हाय बोलली तर न्हाय," ती म्हणाली. "ती काय येकटीच गप बसंल का मग? मी हाय की तिच्या सोबतीला."

ती उठली, गुडघ्यावर हात देत मोरीत गेली, आणि खाली बसून तिनं नाडी बांधली. मुलगी मागं वळली. तिनं आजीकडे बघितलं नाही, तिच्या गळ्याकडे बघितलं. आणि कितीतरी महिन्यांनी ती मांडीवर चढली, दोऱ्यापाशी कान लावला आणि डोळे मिटले. महेश्वर उठून मोरीच्या दाराशी आला. बोल, त्यानं मनात म्हटलं, एक शब्द बोल, देव काय मोरीत बघायला येतोय? अव्वाचे ओठ हलले. घट्ट मिटले. गळ्याची शीर एकदा वर गेली आणि खाली आली. मुलगी थांबली होती. या वेळी तिनं कान सरकवला नाही; जिथं लावला होता तिथंच ठेवून ती त्या न बोलण्याला कान देत राहिली. आत काही ऐकू येत होतं की नव्हतं, ते त्या दोघींना ठाऊक. त्याला तिथं जागा नव्हती. आपणही जाऊन दुसऱ्या बाजूनं कान लावावा असं त्याला फार वाटलं. पण पन्नाशीकडे झुकलेला, गुडघाभर चिखलाचा माणूस आईच्या गळ्याला कुठल्या तोंडानं कान लावणार?

खिशात फोन वाजला. लोकांकडे त्याचा स्वतःचाही नंबर होता. साहेबांनीच कधीतरी वाटला होता. "हॅलो, पाणीपुरवठ्याचे साहेब का?" बाईचा आवाज होता, मागं कुठंतरी बादली आपटत होती. "आमच्याकडं अजून थेंब न्हाय ओ. पाणी कधी येणार?"

त्याचं तोंड उघडलं. ते दोन शब्द जिभेवर येऊन बसलेच होते. समोर त्याची आई त्याच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, दोघींचे डोळे मिटलेले होते, आणि नळ कोरडा होता.

"माहीत नाही," महेश्वर म्हणाला.

पलीकडे बादली आपटायची थांबली. "असं कसं माहीत न्हाय?" बाई म्हणाली. ती चिडली नव्हती, तिचा आवाज जरासा घाबरल्यासारखा झाला होता. "तुमी तर दर वेळी येईल म्हणता की."

"खरंच माहीत नाही हो, बाई."

"आवो, मग काय झालं," ती म्हणाली. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली. "माहीत नसलं तरी येईल म्हणायचं असतं, साहेब." आणि ती थांबली, तो म्हणेल म्हणून तिनं बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला.